मोघम उत्तर (विधिमंडळ)

विधिमंडळातील प्रश्नाला दिलेले, नियमात बसणारे पण माहिती न देणारे उत्तर. ते खोटे नसते. सभागृहाला खोटी माहिती दिली तर हक्कभंग येऊ शकतो, मोघम उत्तराने तो सहसा येत नाही. त्याचे सारे बळ यातच आहे. भाषणातला गुळमुळीतपणा वक्त्याच्या स्वभावाचा म्हणून सोडून देता येतो. हा मात्र कागदावर, टेबलामागून टेबल सरकत तयार होतो.

महाराष्ट्रात तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, साचा ठरलेला आहे. पहिला भाग घटना सांगून ‘हे खरे आहे काय’ असे विचारतो. पुढचे भाग ‘असल्यास’ने सुरू होतात: चौकशी केली काय, तीत काय आढळले, तदनुसार कोणती कार्यवाही केली. शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ प्रश्न विभागाच्या कार्यासनाकडे (तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे) येतो आणि ते जिल्ह्याकडून अहवाल मागवते. अहवालात आकडे, तारखा असतात. कक्ष अधिकाऱ्यापासून मंत्र्यापर्यंत मसुदा चढत जातो तसतसे हे तपशील गळू लागतात, कारण उद्या चुकीचा ठरू शकणारा प्रत्येक आकडा सही करणाऱ्याला नकोसा असतो.

खरी मेख पहिल्या भागात असते. एका वाक्यात गाव, महिना, रक्कम आणि ‘निदर्शनास आले’ असे चार दावे कोंबले, की त्यातला एक चुकला तरी ‘हे खरे नाही’ म्हणता येते. मग पुढच्या सगळ्या ‘असल्यास’पुढे एकच ओळ: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ महिन्यापुढे ‘वा त्या दरम्यान’ हे शब्द दिसतात ते याचसाठी. तारखेची फट बुजवायला. ‘हे अंशतः खरे आहे’ हे त्याहून चलाख, कारण कोणता अंश ते बहुधा सांगितले जात नाही.

दुसरे हत्यार क्रियापद. ‘करण्यात येत आहे’ म्हटले की कर्ता वाक्याबाहेर जातो. कोण करतो आहे हे विचारायला जागाच उरत नाही. जोडीला ‘उचित’, ‘आवश्यक ती’, ‘नियमानुसार’, ‘यथावकाश’. ‘सकारात्मक विचार करू’ हे तोंडी उत्तरातले. त्यात होकार ऐकू येतो, पण दिलेला नसतो.

यावर संसदीय उपाय आहे. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात का हे पाहणारी लोकसभेची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून काम करते. कोणते शब्दप्रयोग आश्वासन धरायचे याची तिच्याकडे यादीच आहे आणि ‘विचाराधीन आहे’ हाही तीत येतो. आश्वासन तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते. महाराष्ट्र विधिमंडळातही अशी समिती आहे. परिणाम थोडा उलटाही होतो: यादीतले शब्द टाळून मसुदा आणखी पातळ केला जातो.

प्रश्नकर्त्याच्या हातात जास्त आहे. एका भागात एकच दावा ठेवावा. ‘कोणती कार्यवाही केली’ऐवजी आदेशाचा क्रमांक व दिनांक, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम, खर्ची पडलेली रक्कम मागावी. तरीही मोघम उत्तर आले तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली त्याच विषयाच्या नस्तीची (फाइलची) टिपणी पृष्ठे, म्हणजे अधिकाऱ्यांचे शेरे असलेली पाने, व पत्रव्यवहार पृष्ठे मागता येतात; मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात २०१२ पासून असा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. ‘का केले नाही’ असे विचारणे मात्र वाया जाते: कारणे विचारणे म्हणजे माहिती मागणे नव्हे, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा २००८ चा निर्णय आहे. टिपणी पृष्ठांवर नस्ती कोणाकडे कधी गेली याच्या तारखा असतात. राज्याच्या २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक राहता कामा नये. ‘करण्यात येत आहे’ या वाक्यातून गायब झालेला कर्ता तिथे सहीसकट सापडतो.