तीन-सहा कुठे आहे? दातांच्या मॉडेलसोबतचं माहितीपत्रक

नमस्कार.

डेंटल असिस्टंटचा कोर्स करणाऱ्या मुलामुलींसाठी आम्ही ही पेटी बनवतो. आत वरचा आणि खालचा जबडा, ३२ सुटे दात, थर उलगडून बघता येईल अशी एक मोठी दाढ आणि सहा वर्षांच्या मुलाचा छोटा खालचा जबडा आहे. भाऊ साचे करतो, मी रंगकाम आणि तपासणी बघते. त्याआधी १४ वर्षं मी दवाखान्यात खुर्चीशेजारी उभी राहिले, त्यामुळे या पत्रकात पुस्तकातलं थोडं आणि खुर्चीशेजारचं जास्त आहे.

चारही सहाव्या दाढांच्या (मधल्या रेषेपासून मोजलं तर सहावा दात) मुळांवर निळी खूण दिसेल. ती का केली, ते आधी सांगते. मी ११ वर्षांची असताना माझी खालची डावी दाढ किडली. घरी सगळे म्हणाले, दुधाचा दात आहे, पडेल आपोआप. ती दुधाची नव्हती. ठणका सहन होईना तेव्हा काढावी लागली. पुढच्या काही वर्षांत मागची दाढ त्या फटीत पुढे कलली, वरची दाढ खाली उतरली, आणि आजही मी शेंगदाणे उजव्याच बाजूने खाते. ही चूक घरोघरी होते. केसपेपर लिहिणाऱ्या मुलीच्या डोळ्यांना ती दाढ ओळखता आली, तर एखाद्या पोराची तरी वाचेल.

चार चतकोर

जबडे मिटून मॉडेल तोंडासमोर धरा, जसा पेशंट तुमच्याकडे बघतोय. त्याची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला आली. पहिल्या महिन्यात सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून उजवं-डावं म्हटलं की ते नेहमी पेशंटचं, हे एकदा पक्कं करा.

आता भाकरीचे करतो तसे तोंडाचे चार चतकोर करा. पेशंटचा वरचा उजवा चतकोर १, वरचा डावा २, खालचा डावा ३, खालचा उजवा ४. तुमच्या बाजूने बघताना हे आकडे घड्याळाच्या काट्यासारखे फिरतात. मग प्रत्येक चतकोरात मधल्या रेषेपासून मागे मोजत जा: १ आणि २ पटाशीचे दात, ३ सुळा, ४ आणि ५ उपदाढा, ६ आणि ७ दाढा, ८ अक्कलदाढ. आधी चतकोराचा आकडा, मग दाताचा. खालच्या डाव्या चतकोरातला सहावा दात म्हणजे ३६. वाचायचं मात्र ‘तीन-सहा’. ‘छत्तीस’ म्हणायची सवय लागू देऊ नका. डॉक्टर मास्कमधून बोलतात, सक्शन (लाळ ओढणारी नळी) चालू असतं, अशा वेळी सुटे आकडेच नीट ऐकू येतात. या पद्धतीला एफडीआय (दंतवैद्यांची जागतिक संघटना) पद्धत म्हणतात. अमेरिकेत १ ते ३२ असे सरळ आकडे चालतात, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून अभ्यास करणाऱ्यांनी सांभाळून राहावं.

दुधाच्या दातांचे चतकोर त्याच क्रमाने ५, ६, ७, ८. प्रत्येकात पाचच दात: दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा. एकूण २०. दुधाच्या दातांत उपदाढा नसतातच; दुधाच्या दाढा पडल्यावर त्यांच्या जागी येतात त्या उपदाढा.

आता छोटा जबडा घ्या. डाव्या बाजूची दुधाची शेवटची दाढ सात-पाच. तिला पाठ लावून जी दाढ उभी आहे ती तीन-सहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती गुपचूप येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आईवडिलांच्या लक्षातच येत नाही. त्यात सात-पाच दिसायला अगदी तिच्यासारखीच, फक्त लहान आणि जास्त पांढरी. ओळखायचं कसं? मधल्या रेषेपासून मोजा. सहावी भरली तर ती कायमची. मुलाच्या केसपेपरवर दात लिहिण्याआधी दर वेळी मोजा, शंभरावा पेशंट असला तरी.

दाढ उघडून बघा

मोठी दाढ मधोमध दुभंगते. बाहेरचा पांढरा थर इनॅमल. शरीरातली सर्वांत कठीण वस्तू हीच. वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज. चावायच्या उंचवट्यांवर तिची जाडी साधारण अडीच मिलिमीटर, आणि हिरडीकडे येता येता कागदासारखी पातळ होत संपते. आम्ही ते उतरतं माप मोठ्या दाढेत जपलंय, बोट फिरवून बघा. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात तोंडात येता येता नाहीशा होतात, म्हणून एकदा खड्डा पडला की तो भरून येत नाही. तोंडातलं आम्ल वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळायला लागतं, लाळेने पीएच वर आला की थोडं परत बसतं. दिवसभर ही देवाणघेवाण चालते. म्हणूनच एकदाच पेढा खाणाऱ्यापेक्षा तासातासाला गोड चहाचा घोट घेणाऱ्याचे दात लवकर किडतात.

त्याच्या आतला पिवळसर थर डेंटिन. इनॅमलमधून त्याचाच पिवळेपणा बाहेर दिसतो, आणि सुळ्यात डेंटिन जाड असल्यामुळे सुळे शेजाऱ्यांपेक्षा पिवळे वाटतात. पेशंट हमखास विचारतात, त्यांना हे कारण सांगता येईल. डेंटिनमध्ये आरपार अतिशय बारीक नळ्या आहेत, त्यांत द्रव असतो. इनॅमल झिजलं किंवा हिरडी खाली सरकली की नळ्या उघड्या पडतात. गार वारा लागला, चिंच लागली की आतला द्रव हलतो आणि मज्जातंतू जागा होतो. आपण ‘दात आंबले’ म्हणतो किंवा ‘शिणशिण होतंय’ म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तेव्हा हिरडी सरकलेल्या दातावर सांगितल्याशिवाय हवेचा फवारा मारू नका. पेशंट खुर्चीतून अर्धा उठतो, मी बघितलंय.

गाभ्यात लाल रंगाचा पल्प: रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. मुळाच्या टोकाच्या छोट्या भोकातून ते आत येतात. पल्पला सूज आली तर चारही बाजूंना कठीण भिंती, पसरायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो. आडवं झालं की रक्ताचा दाब डोक्याकडे वाढतो आणि दाढ रात्री ठणकते. ‘दिवसा काही नाही हो, रात्री झोपू देत नाही’ असं कोणी फोनवर म्हणालं, तर ते शब्द तसेच्या तसे डॉक्टरांना सांगा.

मुळावरचा करडा थर सिमेंटम. हाडासारखा, इनॅमलपेक्षा बराच मऊ.

मुळाभोवतीची रबराची पट्टी

पेटीतला कुठलाही दात जबड्यात दाबून बसवा आणि बोटाने हलवा. किंचित लवतो ना? पोकळीत आम्ही पातळ रबर लावलंय. खऱ्या तोंडात दात हाडात रुतवलेला नसतो, तो धाग्यांनी टांगलेला असतो. त्या धाग्यांचा थर म्हणजे पेरिओडॉन्टल लिगामेंट, जाडी सुमारे ०.२ मिलिमीटर. एक टोक सिमेंटममध्ये, दुसरं हाडात. चावताना बसणारा धक्का तो झेलतो, आणि त्यातले मज्जातंतू इतके तल्लख की भातातला बारीक खडा दाताखाली आला तर जबडा आपोआप थांबतो. इम्प्लांटभोवती (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवती) हा थर नसतो, म्हणून तिथे तशी जाणीव होत नाही.

याच कारणाने एक गोष्ट पाठ करून ठेवा. मूल पडलं, कायमचा दात मुळासकट बाहेर आला, आणि आईने घाबरून दवाखान्यात फोन केला, तर फोन बहुतेक वेळा तुम्हीच उचलणार आहात. सांगा: दात चावायच्या बाजूने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात ठेवा आणि लगेच या. मुळावर चिकटलेल्या त्या धाग्यांतल्या पेशी जिवंत राहिल्या तरच दात पुन्हा धरतो, आणि त्यासाठी हाताशी तासाभराचाही वेळ नसतो. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत, खालच्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. पण मुलाला दाखवायला मात्र आणायचंच.

हिरडीबद्दल थोडं. पुस्तकांतल्या चित्रांत हिरड्या गुलाबी असतात. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या हिरड्यांवर तपकिरी-काळसर पट्टे असतात आणि ते अगदी निरोगी असतात, रंगद्रव्यामुळे. आम्ही मुद्दाम एक जबडा गुलाबी आणि एक सावळा रंगवलाय. सूज, चकाकी आणि हात लावताच येणारं रक्त यांवरून रोग ओळखा. दात आणि हिरडी यांमधल्या खाचेची खोली निरोगी माणसात तीन मिलिमीटरपर्यंत असते. डॉक्टर प्रोब (मापाच्या खुणा असलेली बारीक सळई) घालून ‘दोन, तीन, दोन’ असे आकडे बोलतात ते हेच. चार किंवा त्याहून मोठा आकडा आला की ठळक लिहा.

पाच बाजू

मधल्या रेषेकडची बाजू मेसियल, मागची डिस्टल. गालाकडची बकल, पुढच्या दातांत ओठाकडची लेबियल. आतली बाजू खाली लिंग्वल, वर टाळूला लागून म्हणून पॅलेटल. चावायची ऑक्लुजल. डॉक्टर म्हणाले ‘तीन-सहा, एमओ’, तर कीड मेसियल आणि ऑक्लुजल बाजूंवर आहे. म्हणजे शेजारच्या दाताकडची भिंतच गेली आहे, आणि फिलिंग सांडू नये म्हणून मॅट्रिक्स बँड (दाताभोवतीची पातळ पट्टी) आणि वेज (ती घट्ट बसवणारी छोटी पाचर) लागणार. मागण्याआधी ते ट्रेवर असेल तर डॉक्टर काही बोलत नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून तुमच्यावर विश्वास टाकायला लागतात.

खालच्या दाढांना सहसा दोन मुळं, वरच्यांना तीन: दोन गालाकडे, एक टाळूकडे. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या (गालामागच्या हाडातल्या पोकळीच्या) तळाशी लागून असतात, त्यामुळे जोरदार सर्दीत कधीकधी वरच्या सगळ्या दाढा एकदम दुखतात आणि दोष एकाही दाढेचा नसतो.

लाळ कुठून येते

हे शिकवताना मला सगळ्यात आनंद होतो, कारण ते आरशात दिसतं. गाल बाहेर ओढा, आतून कापसाने कोरडा करा आणि जिभेवर चिंचेचं बोटुक ठेवा. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालावर एक बारीक उंचवटा आहे, तिथे थेंब जमताना दिसेल. कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथीची नळी तिथे उघडते. आता जीभ वर उचला. मधल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना दोन ठिपके. तिथून जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ येते. मॉडेलवर ही तोंडं लाल टिपक्यांनी दाखवली आहेत.

म्हणूनच दातांवरचं कीटण सगळ्यात जास्त दोनच ठिकाणी धरतं: खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांवर गालाकडून. लाळेतलं खनिज तिथेच पहिल्यांदा पोचतं. आणि म्हणूनच वरच्या दाढेचं काम असेल तर कॉटन रोल गालात त्या उंचवट्यावर, खालचं काम असेल तर एक जिभेखालीही. सक्शनचं टोक मऊ टाळूला आणि पडजिभेला लागू देऊ नका, ओकारी येते. टाळूचा पुढचा वळ्यावळ्यांचा भाग कडक, मागचा मऊ. सीमारेषा बोटाने मॉडेलवर शोधा.

आणखी एक. खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, हे सहज बघा. मावत नसतील आणि गालाचा आतला भाग पांढुरका, कडक वाटत असेल तर डॉक्टरांना हळूच सांगा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी सुपारी-गुटख्याने आखडलेली तोंडं अजून रोज येतात, आणि त्यांत विशीतली पोरंही असतात. त्या आखडलेल्या गालातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. विचारताना आवाजात दटावणी नको, नाहीतर माणूस खोटं सांगतो.

मॉडेल सांभाळताना

कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. स्पिरिटने पुसू नका, अ‍ॅक्रिलिकवर बारीक तडे जातात. उन्हात वाळवू नका. दात ओढून काढताना मुळापाशी धरून सरळ वर घ्या, पिळू नका.

सुटा दात हरवला तर पेटीच्या झाकणावरच्या क्रमांकावर कळवा, फक्त टपालखर्चात पाठवतो. कळवताना ‘खालची डावी मोठी दाढ’ असं लिहू नका, आकडा लिहा. मागच्या जूनमध्ये एका मुलीने सात-पाच मागितला, आम्ही पाठवला, आणि तिला हवी होती ती तीन-सहा. तिला दुसरं पाकीट पाठवलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पेटीत छोटा जबडाही घालायला लागलो.