टेनेसी कोनफ्लॉवर ओळखताना म्हातारं फूल शोधा

अमेरिकेत नॅशव्हिलच्या आसपास चुनखडीचे उघडे कातळ आहेत. त्यांवर जेमतेम बोट-दोन बोटं माती. हिवाळ्यात नि वसंतात पचपच ओल, उन्हाळ्यात नुसता तवा. आपल्या कातळसड्यांचाच चुलतभाऊ, फक्त जांभ्याऐवजी चुनखडी. मोठी झाडं तग धरत नाहीत, कडेला तेवढे जुनिपर उभे. स्थानिक लोक त्यांना सीडार म्हणतात, म्हणून या जागा 'सीडार ग्लेड'. टेनेसी कोनफ्लॉवर (एकिनेशिया टेनेसीएन्सिस) हे रानफुलाचं झाड मुळात इथलंच. ते नामशेष झालं असं मानलं गेलं होतं, पण १९६०च्या दशकात पुन्हा सापडलं. १९७९मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत गेलं आणि २०११मध्ये तीतून बाहेर आलं.

कुळ सूर्यफुलाचं. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती कडेची किरणपुष्पकं. इथे ती गुलाबी-जांभळी असतात आणि आडवी किंवा किंचित वर वळलेली राहतात. बहुतेक जण एवढ्यावरच ओळख पक्की करतात आणि फसतात. कारण बागेतल्या एकिनेशिया पर्पुरियाच्या नव्या फुलातही किरणपुष्पकं आडवीच असतात, खाली झुकतात ती नंतर. म्हणून मधला शंकू पूर्ण फुगलेलं, जुनं फूल शोधा. तेव्हाही पाकळ्या सावरलेल्या असतील तर पुढे पाहा.

पुढे म्हणजे पानं. ती बुंध्याशी गोळा झालेली, अरुंद, भाल्यासारखी, अखंड कडेची. फार तर बोटाएवढी रुंद. पानाला आणि देठाला बोट लावलं की खरखरीत केस लागतात. पर्पुरियाची पानं रुंद, बहुधा दातेरी. झाडाची उंची पाऊण मीटरच्या आतच.

प्रेअरीतल्या (अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतल्या) एकिनेशिया पॅलिडाची पानंही अशीच अरुंद, त्यामुळे तिथे घोटाळा होतो. मात्र तिच्या लांबट पाकळ्या सरळ खाली लोंबतात. शिवाय ताज्या फुलावर काळं कापड हलकेच टेकवा: पॅलिडाचे पराग पांढरे उतरतात, टेनेसीचे पिवळे.

नोंदीसाठी फोटो तीन हवेत: फूल बाजूने, बुंध्याची पानं, आणि पट्टी ठेवून देठावरचे केस. फक्त वरून काढलेला फोटो बिनकामाचा, त्यात पाकळ्यांचा कल कळतच नाही. मुळं उकरू नका. सोटमूळ तुटलं तर झाड जाऊ शकतं.

रोपवाटिकेतून आलेल्या झाडांची गंमत वेगळी. या जातीचा पर्पुरियाशी सहज संकर होतो, आणि टेनेसीच्या नावाने असे संकर विकलेही जातात. पाकळ्या वर पण पानं रुंद, अशी सरमिसळ दिसली तर नोंदीत 'संकर' लिहा.