ब्रिक्स मीटर सात म्हणतं, हायड्रोमीटर शून्याखाली

निफाडकडचे एक बागायतदार काका आमच्या लॅबमध्ये आले होते. त्यांनी खिशातून ब्रिक्स मीटर, म्हणजे रसाची गोडी बघायचा रिफ्रॅक्टोमीटर, काढलं, ट्रायलच्या जारमधल्या वाईनचे दोन थेंब काचेवर टाकले, उजेडाकडे धरून डोळ्याला लावलं. "ताई, सात दाखवतंय. साखर राहिली की हो!" त्याच वाईनमध्ये माझं हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता दाखवणारी काचेची नळी, पाण्यात 1.000 दाखवते) 0.994 वर तरंगत होतं, म्हणजे ब्रिक्सच्या भाषेत शून्याच्याही खाली. बिघाड दोघांपैकी कशातच नव्हता.

नाशिकमध्ये हा घोळ होणारच. इथे ब्रिक्स म्हटलं की रिफ्रॅक्टोमीटरच डोळ्यांसमोर येतो. मणी पिळायचा, गोडी बघायची, घड उतरवायचे की आठवडाभर थांबायचं ते ठरवायचं. वाईनकडे वळलेला माणूसही तेच मीटर घेऊन येतो. (कायद्याचं आधीच सांगते: महाराष्ट्रात विनापरवाना मद्य बनवता येत नाही, घरीसुद्धा नाही. मी बोलतेय ते परवाना असलेल्या वायनरीत चार-पाच लिटरच्या जारमध्ये घेतात त्या ट्रायलबद्दल.)

ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर. पण साखर थेट दोघांपैकी कोणीच मोजत नाही. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघतो, हायड्रोमीटर द्रव किती जड आहे ते. ताज्या रसात दोघांचं जमतं: एक 22 दाखवतो, दुसरा 1.092 च्या आसपास, आणि गोष्ट एकच असते. यीस्टने अल्कोहोल बनवायला सुरुवात केली की दोघं उलट दिशांना चुकायला लागतात. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि साखर आहे त्याहून कमी सांगतो. प्रकाश मात्र ते पाण्यापेक्षा जास्त वाकवतं. रिफ्रॅक्टोमीटरला ती साखरच वाटते. 22 ब्रिक्सच्या रसाची वाईन पूर्ण ड्राय झाली, म्हणजे साखर जवळजवळ संपली, अल्कोहोल बारा टक्क्यांच्या घरात गेलं, तरी मीटर सहा-सातवर अडून बसतं.

हे मी चांगलीच किंमत मोजून शिकले. पहिल्या हंगामात तीन दिवस मीटर सातवरून हलेना. फर्मेंटेशन अडकलं असं समजून जार कोमट पाण्यात ठेवला, वरून आणखी यीस्ट टाकलं, दर दोन तासांनी झाकण उघडून बघितलं. वाईन केव्हाच झालेली होती. माझ्या काळजीने तिला तेवढी हवा मात्र लागली, आणि शेवटी कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास घेऊन बसली.

मग सरळ हायड्रोमीटरच का नको? मोठ्या टाकीला नकोच दुसरं काही. लहान जारमध्ये मात्र हिशोब बिघडतो. 250 मिलीचा सिलेंडर रोज एकदा भरला तर आठ दिवसांत दोन लिटर, म्हणजे चार लिटरच्या जारचा निम्मा माल मोजण्यातच गेला. परत ओतायचं म्हटलं तर हवा आणि जंतू दोन्ही आत. म्हणून मी आखूड हायड्रोमीटर आणि अरुंद नळी वापरते, शंभर मिलीच्या आत भागतं, तेही फक्त सुरुवातीला आणि शेवटी. नमुना आधी हलवून त्यातला गॅस घालवायचा, हायड्रोमीटर बोटांनी गर्रकन फिरवायचा. दांड्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात. फेब्रुवारीतल्या दुपारी नमुना 30 अंशांवर असेल आणि हायड्रोमीटर 20 अंशांसाठी बनवलेला असेल, तर आकडा दोन-अडीच पॉइंट (म्हणजे 0.002 ते 0.0025) कमी येतो, तो मिळवायचा. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात आणि बहुतेकांत तापमानाची दुरुस्ती आतच असते. यीस्ट टाकायच्या आधीचं मोजमाप त्याच्यावर निर्धास्त सोडावं. नंतरही आकडा रोज उतरतोय का, एवढं त्यावर कळतं. साखर किती उरली ते नाही. दुरुस्तीची सूत्रं आहेत, पण त्यांतली बरीचशी बिअरसाठी बसवलेली, द्राक्षाच्या रसाला ती डोळे झाकून लावू नयेत.

मधल्या दिवसांसाठी माझा भरवसा तिसऱ्याच वस्तूवर: वजनकाटा. एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं, हवा आत न येऊ देणारं बूच) लावलेला जार तसाच काट्यावर ठेवायचा. साखरेच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, त्यामुळे 22 ब्रिक्सचा चार लिटर रस ड्राय होईपर्यंत 400 ग्रॅमच्या वर हलका होतो. झाकण उघडायला नको, थेंबही वाया नाही.

काकांना मी हायड्रोमीटरचा 0.994 दाखवला, पण बाटलीत भरण्याआधी तोही पुरत नाही. वाईन इतकी खाली गेली तरी थोडी साखर अल्कोहोलच्या आडोशाला लपलेली असू शकते. तिच्यासाठी रासायनिक चाचणीच करावी लागते. काकांनी ऐकून घेतलं, मीटरची काच मऊ फडक्याने पुसली आणि वाईनचा एक घोट घेतला. "गोड नाय लागत," म्हणाले.