मारियानो रिव्हेरा

रिव्हेरा, मारियानो : (२९ नोव्हेंबर १९६९). पनामाचा बेसबॉलपटू, अमेरिकेतील न्यूयॉर्क यँकीज संघाचा रिलीफ पिचर (बदली चेंडूफेक्या). १९९५ ते २०१३ असे १९ हंगाम तो या एकाच संघाकडून खेळला. मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे ६५२ ‘सेव्ह’ त्याच्या नावावर आहेत.

बेसबॉलचा सामना नऊ इनिंगचा, आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात. सुरुवातीचा पिचर थकला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी रिलीफ पिचर येतो, आणि बाहेर गेलेल्याला त्या सामन्यात परत येता येत नाही. यांपैकी शेवट सांभाळणारा तो ‘क्लोजर’. क्रिकेट पाहणाऱ्याने अखेरच्या षटकांचा गोलंदाज डोळ्यांपुढे आणावा. मात्र इथे दुसऱ्या टोकाकडून टाकणारा साथीदार नसतो. सर्वसाधारणपणे तीन किंवा कमी धावांची आघाडी असताना येऊन, एक पूर्ण इनिंग टाकून क्लोजरने सामना राखला, तर त्याच्या खात्यात एक सेव्ह जमा होतो. सेव्हची अधिकृत नोंद १९६९ पासून, म्हणजे रिव्हेराच्या जन्मवर्षापासूनच, होऊ लागली.

तो पोर्तो कायमितो या कोळ्यांच्या गावात वाढला. वडील मासेमारी बोटीचे कप्तान. तोही काही काळ त्यांच्याबरोबर समुद्रावर गेला. पोरांचा ग्लोव्ह दुधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा आणि बॅट म्हणजे झाडाची फांदी. १९९० मध्ये यँकीजने त्याला करारबद्ध केले तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हते. १९९२ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २३ मे १९९५ रोजी त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले ते सुरुवातीचा पिचर म्हणून, पण त्या कामात त्याचा जम बसला नाही. १९९६ मध्ये क्लोजर जॉन वेटलँडच्या आधीच्या इनिंग तो टाकू लागला आणि १९९७ पासून शेवटची इनिंग त्याच्याकडे आली.

त्याच वर्षी, रामिरो मेंडोसा या सहकाऱ्याबरोबर चेंडूची साधी फेकाफेक चालू असताना, त्याचा सरळ टाकलेला चेंडू आपोआप वळू लागला. हाच त्याचा ‘कटर’. ताशी नव्वद मैलांहून अधिक वेगाने येणारा हा चेंडू अगदी शेवटच्या क्षणी काही इंच सरकायचा. डावखुऱ्या बॅटरच्या हातांकडे तो आत शिरे, बॅटच्या जाड भागाऐवजी बारीक दांड्यावर लागे आणि बॅट मोडे. पुढचा चेंडू कोणता येणार हे समोरच्याला बहुधा ठाऊक असायचे, तरी तो मारता येत नसे. मला वाटते, त्याचे खरे मोठेपण सेव्हच्या आकड्यापेक्षा इथे आहे. २०१३ मध्ये मिनेसोटा ट्विन्सने त्याला निरोपाची भेट दिली ती मोडक्या बॅटींची झुलती खुर्ची!

प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, तो आणखी कठीण होई. तिथे १४१ इनिंगमध्ये त्याची ‘अर्न्ड रन’ सरासरी, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा, अवघी ०.७० होती. १९९६, १९९८, १९९९, २००० आणि २००९ असे पाच वेळा त्याने वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचे, विजेतेपद अनुभवले.

पण त्याची गोष्ट ४ नोव्हेंबर २००१ वगळून सांगता येत नाही. अ‍ॅरिझोनाविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, नववी इनिंग, यँकीज २–१ पुढे. त्याच्याच हातून दुसऱ्या बेसकडे चुकीची फेक गेली आणि मग बरोबरी झाली. अखेर लुइस गॉन्झालेसने दांड्यावर लागलेला मऊ फटका शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) डोक्यावरून जेमतेम पलीकडे टाकला. कटरने आपले काम केले होते. चेंडू तरीही पडायचा तिथेच पडला. असा पराभव झेलून पुन्हा वर्षानुवर्षे तीच इनिंग मागून घेणे, हे मला सर्वांत अवघड वाटते.

मे २०१२ मध्ये सरावात गुडघा दुखावला. तरी तो परतला. आधुनिक मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन याच्या सन्मानार्थ ४२ हा जर्सी क्रमांक १९९७ मध्ये सर्व संघांतून निवृत्त झाला होता. आधीपासून तो घालणाऱ्यांना सूट होती, आणि त्यांतला शेवटचा खेळाडू रिव्हेरा. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी, त्याला ४२५ पैकी ४२५ मते मिळाली. एकमताने निवडला गेलेला तो पहिलाच.

यँकी स्टेडियमवर तो शेवटचा उतरला २६ सप्टेंबर २०१३ रोजी. चार बॅटर सलग बाद केल्यावर त्याला मैदानाबाहेर न्यायला प्रशिक्षकाऐवजी जुने साथीदार अँडी पेटिट आणि डेरेक जीटर आले. पेटिटच्या खांद्यावर डोके टेकून तो रडला. तो सामना यँकीजने ०–४ असा गमावला, त्यामुळे त्या रात्री त्याच्या खात्यात सेव्ह पडला नाही.