अँजेलिस राष्ट्रीय वनातील वणवे आणि बिनतारी संपर्क

अँजेलिस नॅशनल फॉरेस्ट हे अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील, लॉस अँजेलिस महानगराच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगररांगेत पसरलेले सुमारे २,८०० चौ. किमी. क्षेत्राचे राष्ट्रीय वन. येथे वणवा लागला की जमिनीवरच्या तुकड्या, विमाने, हेलिकॉप्टर आणि नियंत्रण कक्ष यांना जोडणारी बिनतारी संदेश यंत्रणा कशी चालते आणि कुठे तोकडी पडते, हा या नोंदीचा विषय आहे. वणव्याची चर्चा बहुधा पाणी, विमाने आणि जळालेल्या घरांपाशीच संपते. या वनात मात्र आग विझवण्याची सगळी आखणी एका साध्या प्रश्नाभोवती उभी आहे : दरीत उतरलेल्या माणसाचा आवाज वर पोचतो का?

२० डिसेंबर १८९२ रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्या घोषणेने हे क्षेत्र ‘सॅन गॅब्रिएल टिंबरलँड रिझर्व्ह’ म्हणून राखीव झाले. कॅलिफोर्नियातील ते पहिले राखीव वन. नावात इमारती लाकूड असले, तरी खरा हेतू खालच्या मैदानातील शेतीला आणि वस्त्यांना मिळणारे पाणी राखण्याचा होता. अँजेलिस हे नाव १९०८ पासूनचे.

भूरचना आणि आग

रांगेच्या उत्तर अंगाने सॅन अँड्रियास भ्रंश जातो. डोंगर उभे, खडक ठिसूळ, दऱ्या अरुंद आणि वाकड्यातिकड्या. पायथा समुद्रसपाटीपासून चार-पाचशे मीटरवर, तर सर्वोच्च शिखर माउंट सॅन अँटोनियो (स्थानिकांचे ‘ओल्ड बाल्डी’) ३,०६८ मी. उंचीवर. उतारांवर चॅपरल नावाचे काटक, तेलकट पानांचे झुडपी रान माजलेले असते. उन्हाळाभर ते वाळते आणि शरद ऋतूत वाळवंटाकडून ‘सांता आना’ वारे सुटले की ठिणगी पुरते.

आग चढावर वेगाने धावते आणि घळीत शिरली की धुराड्यासारखी वर ओढली जाते, हे वणव्याचे जुने गणित. बिनतारी लहरींचे गणित नेमके त्याच जागी फसते. राष्ट्रीय वनांच्या कामकाजासाठी प्रामुख्याने १६२ ते १७४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) लहरी वापरतात. त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोंगराची धार आडवी आली की पलीकडे त्यांची सावली पडते आणि सावलीत उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. हरिश्चंद्रगडाच्या एखाद्या घळीत उतरताना मोबाइलची रेंज जशी एका वळणावर गायब होते, तसेच हे. म्हणजे ज्या घळीत आग सर्वात धोकादायक, तिथेच रेडिओ सर्वात मुका. या वनातील संपर्काची अडचण एका वाक्यात सांगायची तर ती ही.

मोबाइलवर भिस्त ठेवण्याची सोयही नाही. वनातून जाणाऱ्या अँजेलिस क्रेस्ट महामार्गावर लांबच लांब टप्पे रेंजविना जातात, तेही कोट्यवधींच्या महानगरापासून तासाभराच्या अंतरावर.

शिखरावरचे रिपीटर

यावरचा उपाय म्हणजे रिपीटर. हा संच शिखरावर बसतो. एका वारंवारतेवर आलेला आवाज तो त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जास्त शक्तीने परत सोडतो. हातातल्या संचाची शक्ती साधारण ५ वॅट. पण तो शिखराला ‘दिसला’ की शिखर त्याचा आवाज चहूकडे पोचवते. एक शिखर मात्र पुरत नाही, कारण प्रत्येक शिखरालाही त्याच्या आंधळ्या दऱ्या असतात. म्हणून अनेक शिखरांवर रिपीटर ठेवतात आणि वारंवारतांची चणचण असल्याने बहुतेकदा सगळ्यांना तीच जोडी देतात. मग बोलताना नेमका हवा तोच रिपीटर जागा व्हावा कसा? त्यासाठी आवाजाखाली एक मंद, कानाला न जाणवणारा सूर मिसळतात. कॅलिफोर्नियात या सुरांना ठरलेले क्रमांक आहेत. ‘टोन १’ म्हणजे ११०.९ हर्ट्झ. तुकडीप्रमुख जागा बदलली की आपल्यासमोर कोणते शिखर आहे ते पाहतो आणि त्या शिखराचा टोन निवडतो. धार ओलांडल्यावर टोन बदलायचे राहिले, तर संच चालू असतो, दिवा लागतो, माणूस बोलत राहतो आणि कोणीही ऐकत नसते.

आणखी एक गोम आहे. एफएम पद्धतीत दोघे एकाच वेळी बोलले, तर ऐकणाऱ्याला जास्त ताकदीचा संदेश मिळतो आणि दुसरा बहुधा दडपला जातो. ज्याचा आवाज बुडाला त्याला ते कळतही नाही. त्यामुळे ‘निरोप मिळाला’ असे उलट उत्तर येईपर्यंत निरोप पोचला असे धरायचे नाही, हा नियम कागदावर रूक्ष वाटला तरी प्रत्यक्षात प्राणाशी गाठ घालणारा आहे. बोलण्याची पद्धतही ठरलेली : आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. ऐकणारा कुदळ चालवत असतो. आपले नाव कानावर पडले की तो थांबतो आणि पुढचे ऐकतो.

मोठ्या वणव्यात एवढेही पुरत नाही. आयडाहो राज्यातील बॉइसी येथे राष्ट्रीय आंतरसंस्था अग्निकेंद्र आहे. त्याच्या रेडिओ भांडारात हजारो हातसंच आणि सुटे रिपीटर तयार असतात. मागणी आली की पेटारे निघतात आणि हेलिकॉप्टर ते एखाद्या सुळक्यावर उतरवते. काही ठिकाणी यंत्राऐवजी माणूसच रिपीटर होतो : धारेवर बसलेला टेहळ्या दरीतले ऐकून वर सांगतो, वरचे ऐकून दरीत. आगीवर घिरट्या घालणाऱ्या देखरेख विमानातील अधिकारीही हे काम करतो. डोंगराच्याही वर असल्यामुळे त्याला दोन्ही बाजू ऐकू येतात.

वाहिन्यांची वाटणी

मोठ्या आगीवर शेकडो, कधी हजारो माणसे एकाच वेळी काम करतात. सगळी एकाच वाहिनीवर आली तर बाजार भरेल. म्हणून ‘कमांड’ वाहिनी रिपीटरमार्गे चालते, ‘टॅक्टिकल’ वाहिनी शेजारच्या तुकड्यांत थेट आणि रिपीटरशिवाय, तर जमीन आणि विमान यांच्यासाठी वेगळी. १६८.६२५ मेगाहर्ट्झ ही ‘एअर गार्ड’ वाहिनी देशभर आणीबाणीसाठी राखलेली आहे. दिवसाची सारी वाटणी ‘फॉर्म २०५’ या एका पानावर छापून सकाळच्या बैठकीत वाटतात. वारंवारता हाताने भरण्यात चूक होते, म्हणून एक संच बरोबर भरून घेतात आणि केबल लावून त्याची नक्कल बाकीच्या संचांत उतरवतात. पाळीवर निघण्यापूर्वी छावणीतील संपर्क विभागाच्या तंबूसमोर यासाठी रांग लागते. हातसंच साध्या एए सेलांवरही चालावेत अशी सोय जपली जाते, कारण कड्यावर चार्जर लावायला भिंत नसते.

आधीचा काळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राष्ट्रीय वने सांभाळणाऱ्या संघराज्याच्या वनसेवेची भिस्त टेलिफोनवर होती. झाडाझाडांना टांगलेली तार टेहळणी मनोऱ्यांपासून चौकीपर्यंत जाई; आग लागली की बहुधा तारच आधी तुटे. १९३०च्या दशकात वनसेवेने ओरेगनमधील पोर्टलंड येथे स्वतःची रेडिओ प्रयोगशाळा चालवली, कारण डोंगरात पाठीवर नेता येतील असे संच बाजारात मिळत नव्हते. तरीही प्रत्येक तुकडीच्या हातात संच यायला बराच काळ जावा लागला. ५ ऑगस्ट १९४९ रोजी मोंटानातील मॅन गल्च येथे आगीवर हवाई उडी घेतलेल्या तुकडीकडे एकच रेडिओ होता. त्याचे पॅराशूट उघडले नाही आणि संच खडकावर फुटला. त्या दिवशीच्या भडक्यात १३ जण गेले. रेडिओ असता तर वाचले असते, असे म्हणता येणार नाही. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध मात्र जमिनीवर पाय टेकण्याआधीच तुटला होता.

अँजेलिस वनातील कटू दिवस १ नोव्हेंबर १९६६ चा. पकोइमा दरीजवळच्या ‘लूप’ आगीत एल कॅरिझो हॉटशॉट ही वणव्यासाठी खास तयार केलेली तुकडी एका उभ्या घळीत वरून खाली जाळरेषा काढत उतरत होती. येथे जाळरेषा म्हणजे झुडपे तोडून, जमीन मातीपर्यंत खरवडून केलेली पट्टी. खालून भडका उठला आणि एका मिनिटाच्या आत घळभर पसरला. १२ जवान मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर उतारावरून खाली रेषा काढण्याचे नियम कडक झाले. वरून येणारी आणि खालून चढणारी तुकडी यांच्यात संपर्क जुळलेला असल्याशिवाय उतरायचे नाही, ही त्यांतील एक अट आहे.

पुढे १९९१ मध्ये वणवा-जवान पॉल ग्लीसन यांनी जवानांच्या सुरक्षिततेची चार सूत्रे मांडली : टेहळ्या, संपर्क, निसटायची वाट आणि सुरक्षित जागा. आज ती अमेरिकेतील प्रत्येक वणवा-जवानाला तोंडपाठ असतात. ग्लीसन यांची कारकीर्द याच वनातील डाल्टन हॉटशॉट तुकडीत सुरू झाली होती. चारांपैकी संपर्क ही कडी मला सर्वात नाजूक वाटते. टेहळ्याने भडका पाहिला, पण त्याचे शब्द खाली पोचले नाहीत, तर निसटायच्या वाटेचा उपयोग काय?

एकमेकांची भाषा

दक्षिण कॅलिफोर्नियात संघराज्याची वनसेवा, राज्याचे अग्निखाते, लॉस अँजेलिस परगण्याचे आणि शहराचे दल असे अनेक जण एकाच आगीवर येतात. १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुमारे १३ दिवस राज्यात वणव्यांनी थैमान घातले. १६ माणसे आणि ७०० हून अधिक घरे गेली. एका दलाचा रेडिओ दुसऱ्याच्या वारंवारतेवर लागत नाही, सांकेतिक आकड्यांचे अर्थ दलागणिक वेगळे आणि हुकूम कोणाचा हे ठरलेले नाही, असे सगळे दोष तेव्हा उघडे पडले. त्यातून ‘फायरस्कोप’ प्रकल्प आणि त्यातून ‘इन्सिडंट कमांड सिस्टिम’ ही अनेक दलांना एकाच हुकूमरचनेत आणणारी पद्धत जन्मली. तिने रेडिओवरचे आकडी संकेत मोडीत काढून साध्या भाषेत बोलण्याचा दंडक घातला. माझ्या मते तिची सर्वात टिकाऊ सुधारणा हीच, आणि तिला यंत्र लागले नाही.

भारताशी दुवा इथे जुळतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये जारी केलेली ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम’ची मार्गदर्शक तत्त्वे याच पद्धतीवर बेतलेली आहेत. त्यामुळे महाराष्ट्रातील जिल्हा आपत्ती आराखड्यांत भेटणारे ‘इन्सिडंट कमांडर’ हे पदनाम मुळात कॅलिफोर्नियाच्या वणव्यांतून आलेले आहे.

शिखरेच आगीच्या वाटेवर

रिपीटर उंचावर बसवायचा म्हणजे तो नेमका आगीच्या चढत्या वाटेवर बसवायचा. याचे ठळक उदाहरण म्हणजे सुमारे १,७४० मी. उंचीचा माउंट विल्सन. १९०४ मध्ये स्थापन झालेली वेधशाळा येथेच आहे आणि तिच्या शेजारी लॉस अँजेलिसच्या दूरचित्रवाणी, एफएम व इतर सेवांच्या मनोऱ्यांचे दाट रान आहे. २६ ऑगस्ट २००९ रोजी लावली गेलेली ‘स्टेशन’ आग सुमारे ६५,००० हेक्टर जाळून गेली. ती माउंट विल्सनच्या अगदी जवळ आली होती. याच आगीत परगण्याच्या अग्निदलाचे दोन जवान दगावले. ६ सप्टेंबर २०२० रोजी कॉग्सवेल धरणाजवळ सुरू झालेली ‘बॉबकॅट’ आग सुमारे ४७,००० हेक्टरवर पसरली आणि वेधशाळेपासून दीडएकशे मीटरवर येऊन ठेपली. दोन्ही वेळा शिखर वाचले, ते आधीच झुडपे काढून मोकळी केलेली जागा, ताबा ठेवून लावलेली उलटी आग (वणवा पोचण्याआधी त्याच्या वाटेतले रान जाळून टाकणारी) आणि हवाई मारा यांच्या जोरावर.

संच जळला नाही तरी वीज जाते. म्हणून दूरच्या शिखरांवर सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या ठेवतात. डोंगरमाथ्यांवर आता कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेच्या ‘अलर्टकॅलिफोर्निया’ जाळ्यातील कॅमेरेही आहेत. राज्यभरात त्यांची संख्या हजारावर आहे आणि धूर दिसला की ते नियंत्रण कक्षाला कळवतात. मनोऱ्यात बसणाऱ्या टेहळ्याचे बरेचसे काम त्यांनी उचलले आहे. उपग्रह फोन आणि छावणीपुरते उपग्रह इंटरनेट यांनी नकाशे व हवामानाचे अंदाज पाठवणे सोपे केले. घळीत जाळरेषा काढणाऱ्या वीसेक जणांच्या तुकडीकडे मात्र आजही व्हीएचएफ हातसंच असतो, कारण एकाने बटण दाबले की आसपासच्या सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू जाते आणि त्यासाठी मध्ये कोणताही मनोरा लागत नाही.