म्युरेन : वाहनमुक्त गावात मुक्काम करून आल्प्समध्ये पायी फिरू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्वित्झर्लंडच्या आमच्या सहलीत आम्ही आपणांस रोज नव्या हॉटेलात नेत नाही. बर्नर ओबरलांड या डोंगराळ भागातील म्युरेन या एकाच गावात पाच किंवा सहा रात्री मुक्काम करायचा आणि तेथून रोज सकाळी पायी निघायचे, अशी ही योजना आहे. सोबत सहल व्यवस्थापक नसतो. निवास, रेल्वेचे पास आणि दिवसागणिक मार्गांचे टिपण आम्ही देतो. चालणे आपले आपण करायचे असते. म्हणूनच आरक्षणाची रक्कम भरण्यापूर्वी हे पत्रक घरातील सर्वांनी वाचावे, अशी विनंती आहे.

गाव कसे आहे

म्युरेन समुद्रसपाटीपासून १६३८ मीटर उंचीवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे. लाउटरब्रुनेनच्या दरीचा पश्चिमेकडील कडा सुमारे ८०० मीटर सरळ वर चढतो आणि त्याच्या माथ्यावर जी गवताळ पडवी आहे, तिच्यावर हे गाव वसलेले आहे. समोर दरीपलीकडे आयगर (३९६७ मीटर), म्योंख आणि युंगफ्राऊ (४१५८ मीटर) ही तिन्ही शिखरे गावातून दिसतात. त्यासाठी तिकीट काढून कुठे वर जावे लागत नाही. कायम वस्ती जेमतेम चारशे-साडेचारशे माणसांची. आल्पाइन स्कीइंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३१ मध्ये एवढ्याशा या गावात झाली होती, ही गोष्ट आजही गावकरी अभिमानाने सांगतात.

पर्यटकांच्या मोटारींना गावात येता येत नाही. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, तसेच येथे गाडी दरीतच, लाउटरब्रुनेन किंवा श्टेशेलबर्गच्या वाहनतळावर ठेवावी लागते. फरक इतकाच की माथेरानला वाहने नियमाने थांबवली आहेत, तर म्युरेनला ते काम मुख्यतः कड्यानेच केले आहे. वाहनमुक्त म्हणजे चाकच दिसणार नाही, असा मात्र समज करून घेऊ नये. हॉटेलांच्या सामानाच्या लहान विजेच्या गाड्या, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि सेवेची मोजकी वाहने गल्ल्यांतून फिरत असतात, तेव्हा रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून छायाचित्रे काढताना मागेही लक्ष असावे.

पोहोचण्याचा मार्ग

झ्युरिक विमानतळावरून बर्नमार्गे इंटरलाकेन ओस्ट स्थानकापर्यंत साधारण सव्वादोन तास लागतात. तेथून लाउटरब्रुनेनला जाणारी गाडी वीस मिनिटांची आहे. मात्र ही गाडी वाटेत त्स्वाइल्युत्शिनेन येथे दुभागते, तिचा एक भाग लाउटरब्रुनेनला जातो आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला. आपण ज्या डब्यात बसत आहात, त्याच्या पाटीवर कोणते नाव आहे हे चढण्यापूर्वी पाहावे. आमच्या ग्राहकांची सर्वाधिक चुकामूक होते ती याच ठिकाणी.

लाउटरब्रुनेनहून म्युरेनला जाण्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, १८९१ पासून चालू असलेली जुनी वाट : स्थानकासमोरून केबलकारने ग्रुचाल्पपर्यंत चढायचे आणि तेथून कड्याच्या काठाकाठाने जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीने पंधराएक मिनिटांत म्युरेन गाठायचे. चढाचा पहिला टप्पा पूर्वी रुळांवरील दोरखेच गाडीने होत असे. २००६ मध्ये तिची जागा केबलकारने घेतली. गावाला लागणारे बरेचसे सामान याच केबलकारच्या खाली टांगून वर येते, आणि ते पाहिले की वर कोणतीही वस्तू दरीपेक्षा थोडी महाग का मिळते, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरी वाट श्टेशेलबर्गहून आहे : लाउटरब्रुनेनहून बसने तेथे जायचे आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या नव्या केबलकारने चारेक मिनिटांत थेट म्युरेनला उतरायचे. सुमारे १५९ टक्के चढाची (म्हणजे शंभर मीटर आडव्या अंतरात १५९ मीटर वर नेणारी) ही केबलकार जगातील सर्वांत तीव्र चढाची मानली जाते. उंचीची भीती असलेल्यांनी जुनी वाटच धरावी.

या दोन वाटांची वरची स्थानके गावाच्या दोन टोकांना आहेत आणि त्यांच्यामध्ये सामान ओढत चालायचे तर पंधरा मिनिटे तरी जातात. आपल्या निवासाला कोणते टोक जवळ पडेल, हे आम्ही आरक्षणपत्रावर लिहून देतो. माणशी एकच मध्यम आकाराची बॅग आणावी, असा आमचा आग्रह आहे, आणि हा आग्रह केवळ शिष्टाचाराचा नाही : येथे स्थानकाबाहेर टॅक्सी उभी नसते, हमाल नसतात, आणि वाटेत तीन-चार वेळा गाडी बदलावी लागते. काही हॉटेले पूर्वसूचना दिल्यास स्थानकावर सामानासाठी गाडी पाठवतात. मोठी बॅग आणणे अटळच असेल, तर स्विस रेल्वेची सामान पुढे पाठवण्याची सशुल्क सेवा घेता येते.

स्विस ट्रॅव्हल पासवर म्युरेनपर्यंतचा प्रवास समाविष्ट असतो. त्याहून वर, शिल्टहॉर्न शिखराकडे जाताना, पासधारकांना सवलतीचे वेगळे तिकीट काढावे लागते.

कोणत्या महिन्यात यावे

आम्हांला सर्वाधिक विचारणा होते ती मे महिन्यासाठी, कारण मुलांच्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. मे महिन्यात चालण्यासाठी येऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो, जरी त्यामुळे आमचे आरक्षण जाते. त्या सुमारास उंचावरील वाटांवर बर्फ असतो, गावातील अनेक हॉटेले व उपाहारगृहे हिवाळी आणि उन्हाळी हंगामांच्या मधल्या विश्रांतीसाठी बंद असतात, आणि केबलकारही वार्षिक देखभालीसाठी काही दिवस थांबवतात. दिवाळीच्या सुट्टीचीही थोडीफार तीच गत आहे. जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ चालण्याचा. जूनअखेर ते जुलै हा रानफुलांचा बहर असतो आणि उजेड रात्री नऊनंतरही रेंगाळतो. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला स्विस राष्ट्रीय दिन असल्याने त्या आठवड्यात खोल्या मिळणे कठीण जाते. आमच्या मते सप्टेंबर सर्वांत उत्तम, कारण गर्दी ओसरते आणि हवा अधिक स्थिर असते. अडचण एवढीच की बहुतेक वर्षी गणपती त्याच महिन्यात येतात, म्हणून विसर्जनानंतरच्या तारखा आम्ही वेगळ्या राखून ठेवतो.

चालण्याच्या वाटा

पहिल्या दिवशी ग्रुचाल्प ते म्युरेन एवढेच चालावे. साडेचार किलोमीटरची ही वाट रुळांना धरून जाते, चढ नाममात्र आहे, आणि अर्ध्यावर विंटरएग येथे उपाहारगृह व गाडीचा थांबा असल्यामुळे कोणी थकले तर तेथूनच गाडीत बसता येते. विमानप्रवासाने अवघडलेल्या पायांना आणि चारचौघांत कोण किती चालू शकते हे ओळखायला ती पुरेशी आहे.

दुसऱ्या दिवसापासून गावातून आल्मेंडहूबेलला (१९०७ मीटर) जाणारी रुळांवरील दोरखेच गाडी धरावी. १९१२ पासून चालणारी ही गाडी चढाचा त्रास वाचवते. तेथून दोन चांगल्या वाटा फुटतात. एक शिल्टआल्पच्या कुरणांवरून वळसा घेत अडीच-तीन तासांत पुन्हा म्युरेनला उतरते आणि चालताना आयगरची उत्तरभिंत बराच वेळ समोर राहते. दुसरी डोंगराच्या कुशीतून उत्तरेकडे ग्रुचाल्पला जाते. तीन तास धरावेत. एकच दिवस हवा स्वच्छ मिळणार असेल, तर आम्ही दुसरी वाट निवडू, कारण तिन्ही शिखरे आणि खालची दरी एकत्र दिसत राहतात आणि उतरण संपते तेथे गाडी मिळते.

शिल्टहॉर्नच्या माथ्यावर (२९७० मीटर) केबलकारने जाता येते. तेथून चालत म्युरेनला उतरण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु ती १३०० मीटरहून अधिक उतरण आहे आणि वरच्या भागात घसरडा मुरूम तसेच जुलैतही बर्फाचे पट्टे आढळतात. सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरलेल्यांनीही येथे गुडघ्यांचा विचार करावा. राजगडाची किंवा हरिश्चंद्रगडाची सवय असलेल्यांना येथील वाटा मळलेल्या आणि सोप्या वाटतात, हे खरे आहे. पण आपल्याकडे दमछाक होते ती उकाड्याने आणि कातळावरच्या चढाईने, तर येथे उतरण संपतच नाही आणि उंचीवर थंड वारा अंगातली ऊब नकळत काढून घेतो. दोन काठ्या सोबत असाव्यात.

म्युरेनहून गिमेलवाल्डला (१३६३ मीटर) जाणारी उतरण अर्ध्या-पाऊण तासाची आहे. लाकडी घरे, गोठे, दारापुढे नीट रचलेली सरपणाची फळी आणि विश्वासावर चालणारे, विक्रेता नसलेले एक छोटे दुकान असे हे गाव आहे. किंमत पाहून पैसे पेटीत टाकायचे असतात, म्हणून थोडी सुटी नाणी जवळ ठेवावीत. परतताना केबलकार घ्यावी.

पावसाच्या दिवशी दरीत उतरून ट्र्यूमेलबाखचे धबधबे पाहावेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ यांच्या हिमनद्यांचे पाणी येथे डोंगराच्या पोटातून दहा टप्प्यांत कोसळते आणि भर उन्हाळ्यात त्याचे प्रमाण सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत जाते. आत कायम तुषार असतात. पावसात गेल्यास भिजण्याचे वेगळे दुःख राहत नाही.

पाट्या, गायी आणि हवामान

फाट्याफाट्यावर पिवळ्या पाट्या असतात. केवळ पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट. पांढरी-लाल-पांढरी खूण म्हणजे डोंगरी वाट, जिच्यासाठी घोट्याला आधार देणारे बूट आणि सावध पाऊल हवे. पांढरी-निळी-पांढरी खूण दिसली की ती वाट गिर्यारोहकांची आहे असे समजून मागे फिरावे. पाटीवर अंतर नसते, वेळ असते, आणि ती न थांबता चालणाऱ्याची असते. छायाचित्रे, डबा आणि गप्पा धरून आपण त्या वेळेच्या दीडपट हिशेब करावा.

वाटा गायींच्या कुरणांतून जातात. कुंपणाची तार विजेची असू शकते. फाटकाची मूठ धरून ते उघडावे आणि मागे न चुकता लावावे. वासरू सोबत असलेल्या गायीपासून लांबून जावे. तिला गोंजारायला जाणे धोक्याचे आहे, मग आपण गावाकडे गुराढोरांत वाढलेले का असेनात. उभ्या गवतातून चालू नये, कारण तोच पुढे हिवाळ्यातला चारा असतो.

उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस अचानक येतो. सकाळी आठला निघून तीनच्या आत खाली यावे, हा आमचा नियम आहे. जुलैतही पहाटे पारा दहा अंशांखाली उतरू शकतो, त्यामुळे एक उबदार थर, वारा-पाऊस अडवणारे जाकीट, टोपी आणि उन्हासाठी मलम पाठीवरच्या पिशवीत रोज असावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे; हेलिकॉप्टर बचावसेवेचा १४१४. ही सेवा महागडी असते. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, परंतु त्यात डोंगरात चालताना होणारा अपघात आणि हेलिकॉप्टरने केलेली सुटका समाविष्ट आहे का, हे विमापत्रात स्वतः वाचून घ्यावे.

जेवण

गावात एक सुपरमार्केट आहे आणि आम्ही शक्यतो स्वयंपाकघर असलेल्या सदनिका घेतो. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. उपाहारगृहांत शाकाहारी मंडळींना र‍्योश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस जाड थर, आणि मॅकरोनी, बटाटा व चीज यांचा आल्पलरमाग्रोनेन हा पदार्थ मिळतो. दोन्हींत डुकराच्या मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत असल्याने मागवतानाच विचारावे. पारंपरिक स्विस चीज वासराच्या जठरातील रेनेट हा दूध साकळवणारा पदार्थ वापरून बनवतात, ही गोष्ट कडक शाकाहारी आणि जैन ग्राहकांनी ध्यानात घ्यावी.

घरून मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या, पोहे खुशाल आणावेत. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे, म्हणून साजूक तूप आणि पेढे बॅगेत ठेवू नयेत. ताजी फळे, भाज्या आणि कढीपत्ताही नको. लाकडी घरांत आवाज आणि फोडणीचा धूर दोन्ही लवकर पसरतात. रात्री दहानंतर शांतता पाळण्याची येथे रीत आहे.

आमचे म्युरेन कोणासाठी नाही

रोज तीन तास चालण्याची ज्यांची तयारी नाही, ज्यांना संध्याकाळी बाजारपेठ लागते किंवा आठ दिवसांत चार देश पाहायचे आहेत, त्यांना येथे कंटाळा येईल. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना सोबत आणायचे असेल, तर दरीच्या समोरच्या बाजूचे, १२७४ मीटरवरील वेंगेन हे दुसरे वाहनमुक्त गाव आम्ही सुचवतो. तेथे लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी थेट जाते. वेंगेनहून केबलकारने मेनलिखेनच्या डोंगरावर चढून क्लाइने शायडेग या खिंडीपर्यंत दीड तासाची जी वाट जाते, ती बहुतांशी हलक्या उताराची आहे.

निघण्याच्या दिवशी

जोराच्या वाऱ्यात केबलकार थांबवावी लागते, आणि म्युरेनहून खाली जाण्याच्या दोन्ही वाटांवर केबलकार आहे. त्यामुळे परतीच्या विमानाच्या दिवशीच गावातून निघण्याची योजना आम्ही करत नाही. शेवटची रात्र बर्न किंवा झ्युरिक येथे असते आणि तिचा खर्च सहलीच्या रकमेत धरलेला आहे. ही रात्र वगळून दर कमी करण्याची विनंती कृपया करू नये.