चकाकी, लॅपटॉपच्या पडद्यावरील

लॅपटॉपच्या तकतकीत पडद्यावरून बाहेरचा प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित होऊन पडद्यावरील मजकूर फिका पडतो, त्यास चकाकी म्हणतात. कोकण किनाऱ्यावर समुद्र पश्चिमेस असल्याने उघड्या पडवीत किंवा खळ्यात काम करणाऱ्यांना तिचा त्रास दुपारनंतर विशेष होतो.

काचेचा प्रणमनांक (प्रकाश किती वळतो हे दर्शविणारा अंक) सु. १.५ असल्याने तिच्या एका पृष्ठभागावर समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी सु. ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हे प्रमाण अल्प वाटले, तरी उजळ आकाशाची दीप्ती (पृष्ठभागाचा उजळपणा; एकक कँडेला दर चौ. मी.) ५,००० कँडेला धरल्यास पडद्यावर २०० कँडेलांचे प्रतिबिंब उमटते, आणि बऱ्याच लॅपटॉपांची स्वतःची कमाल दीप्ती २५० ते ३०० कँडेलांच्याच घरात असते. काच व तिच्यामागील चित्र उमटविणारे पॅनेल यांच्यामध्ये हवेची फट असल्यास परावर्तन करणारे पृष्ठभाग आणखी वाढतात.

चकाकी कमी करण्यासाठी काचेवर परावर्तनरोधी लेप, म्हणजे परावर्तन घटविणारा पातळ थर, देतात. त्याच्या जनकत्वाबाबत एकमत नाही. जर्मन भौतिकीविज्ञ फ्राउनहोफर यांनी १८१७ च्या सुमारास आम्लाने संस्कारित काच कमी प्रकाश परावर्तित करते हे पाहिले होते, असे सांगितले जाते. जुनी, डागाळलेली काच अधिक प्रकाश आरपार जाऊ देते हे इंग्लिश भौतिकीविज्ञ लॉर्ड रॅली यांनी १८८६ मध्ये नोंदविले. इंग्लिश भिंगनिर्माते हॅरल्ड डेनिस टेलर यांना १८९० च्या दशकात हाच गुण दुर्बिणींच्या भिंगांत आढळला व काच मुद्दाम डागाळण्याची कृती त्यांनी पुढे शोधली. निर्वात कक्षात पातळ थर बसविण्याच्या पद्धतीचे श्रेय सर्वसाधारणपणे येना (जर्मनी) येथील झाइस या भिंगांच्या कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांना (१९३५) दिले जाते. अमेरिकन भौतिकीविज्ञ कॅथरीन ब्लॉजेट यांचा १९३८ चा साबणजातीय थर जवळजवळ परावर्तनहीन असला, तरी सहज पुसला जाई. टिकाऊपणा हा निकष मानल्यास स्माकुला यांचा दावा सरस ठरतो. तत्त्वाचा विचार केल्यास मात्र टेलर यांची उपेक्षा झाली असे म्हणावे लागते. अशा लेपासाठी वापरला जाणारा, १.३८ प्रणमनांकाच्या मॅग्नेशियम फ्लुओराइडचा थर ५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या (हिरव्या) प्रकाशासाठी सु. १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. दोन्ही सीमांवरून परतणाऱ्या तरंगांच्या व्यतिकरणामुळे (एकमेकांना बऱ्याच अंशी नाहीसे केल्यामुळे) परावर्तन दीड टक्क्याच्या आत येते. उरलेल्या प्रकाशाची जांभळट झाक बंद पडद्यावर तिरपे पाहिल्यास दिसते.

मॅट पडद्यात प्रकाश नाहीसा होत नाही, तर सूक्ष्म खडबडीतपणामुळे तो विखुरतो. त्यामुळे पोफळीच्या झावळ्यांमधून डोकावणाऱ्या आकाशाचे पांढरे ठिपके पडद्यावर स्पष्ट न उमटता सगळीकडे पातळ धुके पसरते आणि काळा रंग करडा दिसतो. वर चिकटविण्याची मॅट फिल्म हेच काम करते. बारीक अक्षरे मात्र किंचित दाणेदार दिसतात.

बैठकीची दिशा बदलणे हा उपाय यांहून स्वस्त व बहुधा अधिक परिणामकारक आहे. समुद्राकडे पाठ केल्यास पडद्यात समुद्र व आकाश दिसते. समुद्राकडे तोंड केल्यास पडद्यात मागची अंधारी ओटी येते, पण समोरच्या उजेडाने डोळे दिपतात. म्हणून समुद्र डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवणे इष्ट. पडदा ५ अंशांनी कलता केल्यास परावर्तित किरण १० अंशांनी वळतो, त्यामुळे बिजागरीची लहानशी हालचालही पुरते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सु. २५ अंश दक्षिणेस मावळतो, तर जूनमध्ये जवळजवळ तितकाच उत्तरेस. म्हणून उन्हाळ्यात सोयीची असलेली जागा हिवाळ्यात तशी राहतेच असे नाही. पडवीला नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधल्यास तिरपे ऊन अडते. काळ्या पार्श्वभूमीवर प्रतिबिंब अधिक उठून दिसते, तेव्हा उजेडात पांढरी पार्श्वभूमी ठेवावी. पांढरा सदरा घालून बसणाऱ्यास पडद्यात बरेचदा सदराच दिसतो.

ध्रुवणकारी (पोलराइज्ड) चष्मा पाण्यावरची झगमग कमी करतो, परंतु एलसीडी पडद्याचा प्रकाश स्वतःच ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असल्याने मान विशिष्ट कोनात कलती होताच पडदा काळा पडू शकतो.

खारी हवा पडद्यावर मिठाचा बारीक थर सोडते व तोही प्रकाश विखुरतो. कोरड्या फडक्याने पुसल्यास मिठाचे कण लेपावर ओरखडे काढू शकतात. म्हणून पडदा बंद करून, साध्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या मऊ फडक्याने, दाब न देता पुसावा. अमोनियायुक्त काचसफाईचे द्रव लेपास अपायकारक असतात.